शेवटचा वार आबांच्या हस्ते

जळगावात मी एका मंगल कार्यालयाचा व्यवस्थापक आहे. व्यवस्थापक म्हणजे काय, तर हॉलची झाडलोट, जनरेटरचं डिझेल आणि मांडवातले रुसवे ज्याच्या गळ्यात पडतात तो माणूस. झाडलोटीला आणि डिझेलला माणसं ठेवता येतात. रुसव्यांना मीच लागतो. नवरदेवाचे फुवा, म्हणजे आत्याचे यजमान, टॉवेल-टोपीला आपल्याला दुसऱ्या नंबरावर हाक मारली म्हणून जाऊन गाडीत बसतात आणि काचा वर करून घेतात. आत नवरानवरी हातात हार धरून उभे. मग मी जातो, काचेवर टकटक करतो, चूक आमचीच झाली असं म्हणतो, आणि फुव्यांना हाताला धरून मांडवात आणतो. पत्रिकेवर मुहूर्त छापलेला असतो, पण आमच्याकडे लग्न लागतं ते फुवा परत आल्यावर.

कोरोनात हॉलला कुलूप लागलं तेव्हा सगळे हळहळले. मी वरवर हळहळलो. त्या मोकळ्या उन्हाळ्यात मी तो खेळ सुरू केला.

खेळ असा. एक जण सूत्रधार. तो एक जग रचतो. त्यात डोंगर, ओसाड किल्ले, दैत्य असं सगळं. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं आणि सांगायचं, माझं पात्र आता अमुक करतं. ते जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. मोठ्या शहरांत पोरं हा खेळ टेबलाभोवती बसून खेळतात. आमच्यात मी जळगावात, एक धुळ्यात, एक शिंदखेड्याला, एक रावेरला. टेबल मांडायचं तर पारोळ्याजवळ हायवेवर मांडावं लागलं असतं. म्हणून फोनवर ग्रुप काढला. ज्याचा डाव त्याने पोस्ट टाकायची, मग पुढच्याने. आमच्या शूरवीरांना एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायला कधीकधी आठवडा लागायचा, कारण कुणाकडे पाहुणे, कुणाला निवडणुकीची ड्यूटी.

सूत्रधार मी होतो. माझ्या जगात मानपान नव्हता आणि त्याचं मला फार कौतुक होतं. फासा कुणाचं नातं विचारत नाही. शिवाय मी पहिल्याच दिवशी एक नियम केला होता: या ग्रुपवर शुभ सकाळ टाकायची नाही. गुलाबाचं फूल, त्यावर दव, मागे उगवता सूर्य आणि खाली सुविचार, असलं काही टाकेल त्याचा एक डाव जाणार. हा नियम मी रागाने केला होता, कारण माझ्या फोनची अर्धी जागा नातेवाइकांच्या गुलाबांनी खाल्ली होती.

खेळाडू मला हॉलवरच मिळाले. धुळ्याचे शेठ आमच्या कार्यालयाला टॉवेल आणि टोप्या ठोकात पुरवतात. त्यांचं घराणं मूळ राजस्थानातलं, जैन. खेळात ते मांत्रिक झाले आणि त्यांनी पहिल्यालाच बजावलं की आपला मांत्रिक जीव घेणार नाही. मग इतकी वर्षं त्यांनी राक्षसांना झोपवलं, बांधलं, वाटेला लावलं, आणि दोघांना तर समजावून शेतीला लावलं. त्यांचा मांत्रिक सूर्यास्तानंतर जेवायचा नाही, त्यामुळे माझ्या राजांना सगळ्या मेजवान्या उन्हात ठेवाव्या लागायच्या. ऐन मंत्राच्या मध्यावर शेठ लिहायचे, गिऱ्हाईक आलंय. आणि राक्षस बिचारा गिऱ्हाईक जाईपर्यंत उभा राहायचा.

दुसरे शिंदखेड्याचे गुरुजी, झेडपीच्या शाळेतले, शेठच्या दुकानाचे जुने गिऱ्हाईक. ते योद्धा. गुरुजी घरात आणि फोनवर पक्की अहिराणी बोलतात, पण ग्रुपवर आले की एकदम गॅदरिंगच्या निवेदकासारखे लिहायचे. तलवार उपसायच्या आधी ते उपस्थितांचे आभार मानत. शुभ सकाळच्या नियमात तेच सापडायचे, आणि दर वेळी सांगायचे की बोट चुकून लागलं.

तिसरे रावेरचे आबा. आमच्यात सगळ्यात वडील, केळीचे बागायतदार. एका लग्नात व्याही रुसल्यावर बाहेरची गडबड नको म्हणून ते माझ्या केबिनमध्ये येऊन बसले, टेबलावरचा वीस बाजूंचा फासा उचलून त्यांनी विचारलं, हे काय असतं. मी दहा मिनिटं समजावलं. नंतर त्यांनी लग्न लागलं का हेसुद्धा विचारलं नाही. खेळात त्यांनी पात्र घेतलं ते एका सोळा वर्षांच्या चोर पोरीचं. हलक्या पायांची, कौलांवरून पळणारी, मांजरासारखी भिंतीवर चढणारी. आम्हाला हसू आलं होतं. त्यात पुन्हा आबांनी इतक्या वर्षांत एकही चोरी केली नाही. कुलूप उघडायचं, आत जायचं आणि मालकाला उठवून विचारायचं, हे घेऊ का. आमची फौज त्यापायी दोनदा पकडली गेली. फासा ते फोनवरच्या यंत्राने टाकत नसत. मी दिलेला खरा फासा स्टीलच्या ताटात टाकायचे आणि ताटाचा फोटो पाठवायचे. एक पडला तरी पाठवायचे. नियमांना त्यांच्याइतकं जपणारं दुसरं कुणी नव्हतं. गुरुजींचा पहिला गुलाब आला तेव्हा मी झोपेत होतो, दंड आबांनी ठोठावला होता.

आता माझं सांगतो. जळगावातच, मेहरूण तलावाजवळ माझं घर आहे. गच्चीवर कॉलमच्या सळया उभ्या आहेत, वरच्या मजल्यासाठी. त्यांना गंज चढला, आणि बायको त्यांना दोरी बांधून कपडे वाळत घालते. वकिलीचा अभ्यास मी शेवटच्या वर्षाला सोडला. तलावाभोवती रोज सकाळी फेरी मारायचं ठरवलं होतं, ते जिथे चहाची टपरी लागते तिथपर्यंतच टिकलं. बायको याची यादी भांडणात म्हणत नाही, सहज म्हणते, म्हणून जास्त लागतं. दैत्यराजाच्या किल्ल्याशी आमची फौज पोचली त्या दिवशी ती म्हणाली, "त्या दैत्याला तरी मारा. तुमचं एक काम तरी शेवटाला गेलेलं मला पाहू द्या." मी तिला शब्द दिला. हा खेळ मी पुरा करणार होतो. माझ्या हातून पुरी झालेली निदान एक गोष्ट जगात असणार होती, भले मग ते जग मीच रचलेलं असो.

शेवटची लढाई दिवाळीच्या आधी सुरू झाली आणि छान झाली. शेठच्या मांत्रिकाने दैत्यराजाचे पाय बांधले, कारण पाय बांधण्यात हिंसा नाही असं त्यांनी आधी घरातल्या मोठ्यांना विचारून घेतलं होतं. आबांची पोरगी छतावरून उतरून त्याची ढाल घेऊन आली, त्याला न विचारता. ही तिची पहिली चोरी, आणि त्या दिवशी ग्रुपवर फटाक्यांची चित्रं आली. शेवटी दैत्यराजाचा जीव एका वारावर आला. आता ज्याचा डाव त्याने तलवार मारायची आणि मी समाप्त लिहायचं. डाव गुरुजींचा होता.

गुरुजींची पोस्ट आली. "हे नराधमा, तुझ्या पापाचा घडा भरला आहे," अशी सुरुवात, मग तीन परिच्छेद खड्गाचं वर्णन, आणि शेवटी: "तथापि, अंतिम वार आदरणीय आबांच्या शुभहस्ते व्हावा, अशी मी या ठिकाणी नम्र विनंती करतो."

खाली शेठनी लिहिलं, "अनुमोदन."

मी कपाळावर हात मारला. ज्या गोष्टीपासून पळून मी एक अख्खं जग उभारलं, ती दार उघडून आत आली होती आणि पहिल्या रांगेत बसली होती.

तरी म्हटलं ठीक आहे, आबांचा डाव पुढचाच आहे, मारतील. आबांची पोस्ट आली नाही. दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं, हॉलवर हंगाम सुरू झाला. आबा सगळं वाचत होते, निळ्या खुणा दिसत होत्या, पण ताटाचा फोटो काही येत नव्हता. मी सुचवलं की आबांचा डाव सोडून पुढे जाऊ. गुरुजींचा लगेच फोन आला. "आबा राहिग्यात, मंग आपन कसं मारसूत?" आबा राहून गेले तर आपण कसं मारणार, हा त्यांचा सवाल होता, आणि त्यांच्या आवाजात तोच धसका होता जो मुलीच्या बापाच्या आवाजात असतो. शेठ म्हणाले, घाई काय आहे, तोवर दैत्याला बसवून घ्या. मी खरोखर दैत्याला एका दगडावर बसवलं. जगाचा संहार करायला निघालेला तो प्राणी रावेरच्या एका माणसाची वाट पाहत पाय बांधलेल्या अवस्थेत बसून होता, आणि इकडे आमचे वीर त्याच्यासमोर एकमेकांना आधी तुम्ही, आधी तुम्ही करत होते.

या सगळ्यात बायको रोज विचारायची, मेला का. मी म्हणायचो, आबा राहिलेत. ती गच्चीवर कपडे वाळत घालायला निघून जायची.

शेवटी माझं डोकं फिरलं. मी ग्रुपवर नोटीस काढली की येत्या रविवारपर्यंत कुणाचाही वार झाला नाही तर दैत्य उठून आपल्या घरी जाईल आणि खेळ अपुरा म्हणून बंद होईल. रविवारी दुपारी मी हॉलवर पंगत वाढायला लावत होतो तेव्हा फोन वाजला. गुरुजींनी फक्त दोन शब्द लिहिले होते, "वार करतो." आभार नाहीत, नराधम नाही. यंत्राने टाकलेल्या फाशावर सतरा. दैत्यराज मेला.

जगाचं संकट टळलं आणि ग्रुपवर सुतक पसरलं. कुणी फटाके टाकले नाहीत. शेठनी "अरेरे" असं लिहिलं. गुरुजी फोनवर रडवेले झाले होते: खेळ अपुरा राहील या धास्तीने हात चालला, आबांचा मान गेला, चूक व्हई गयी. मी त्यांना धीर देत होतो तेवढ्यात स्क्रीनवर बारीक अक्षरं उमटली. आबा ग्रुप सोडून गेले होते.

आता यात मला काही शिकवायची गरज नव्हती. फुवा गाडीत बसले होते आणि काचा वर झाल्या होत्या. याला उपाय ठरलेला असतो. फोन करायचा नाही, फोनवर रुसवा वाढतो. दोघा-तिघांनी मिळून दारात जायचं, टॉवेल-टोपी-नारळ न्यायचं आणि चूक आपलीच म्हणायची. शेठनी दुकानातली उंची टोपी काढली. गुरुजींनी रजा टाकली. मी सूत्रधार म्हणून एक जादा सोय केली: दैत्य मेलाच नाही, नुसता बेशुद्ध पडला, असा निर्णय मी लिहून ठेवला. म्हणजे आबांनी येऊन त्याला रीतसर मारावं. बेशुद्ध माणसाला मांडवात परत आणणं माझ्या रोजच्या कामापेक्षा फार वेगळं नव्हतं.

शेठच्या गाडीतून आम्ही निघालो. भुसावळच्या पुढे केळीच्या ट्रॅक्टरांमागून सरकत जाताना लक्षात आलं की आम्ही चौघं आजवर एकत्र कधी बसलोच नाही. गुरुजींनी तर आबांना पाहिलंच नव्हतं. वाटभर ते माफीचं भाषण पाठ करत होते.

आबा केळी भरायच्या शेडमध्ये होते. समोर ट्रक लागला होता, बायका फण्या धुऊन खोक्यांत लावत होत्या. आम्हाला पाहून आबा उठायला लागले. दोन्ही हात खुर्चीवर रेटले, एकदा परत बसले, मग उठले. गुडघ्यांवर तेल चोळल्याचा वास येत होता. ज्या पोरीमागे गुरुजींचा योद्धा वर्षानुवर्षं कौलांवरून धापा टाकत धावला होता, ती हीच. गुरुजी भाषण विसरले आणि वाकून त्यांच्या पाया पडले.

मी रीतसर सुरुवात केली. टॉवेल खांद्यावर, टोपी डोक्यावर, नारळ हातात. चूक आमची आहे म्हटलं. मग बेशुद्धीचा निर्णय वाचून दाखवला आणि म्हटलं, आबा, आता वार तुमच्या हस्ते.

आबांनी नारळ खोक्यावर ठेवला. गुरुजींना किती पडले होते, असं विचारलं. सतरा. लागत किती होते? बारा.

"मंग मेला," आबा म्हणाले. "मेलेला उठवायचा नाई. आपल्या खेयात तसा नियम नाई."

मी म्हटलं, अहो, तुमच्या मानासाठी करतोय. तुम्ही रुसून ग्रुप सोडला म्हणून आम्ही एवढे लांबून आलो.

"रुसलो कुठी?" त्यांना खरंच नवल वाटलं होतं. "मले मान कायले पाह्यजे? तुम्ही माह्यावर ठेवलं म्हून तं मी थांबलो होतो. मी मारला का संपलं. मंग सकाये उठून तुम्ही मले काय म्हून मेसेज करसान? हे शेठ काय म्हून करतीन? तं म्हटलं, राहू द्या तसाच बसलेला. आता गुरुजीनं मारला, काम झालं. काम झाल्यावर मांडवात बसून राह्यणारा मी नाई. म्हून उठलो."

अक्का, म्हणजे आबांच्या मंडळी, चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनीच पुढचं सांगितलं. दिवसभर शेडवर केळीचा भाव, संध्याकाळी पुण्याहून पोरांचा फोन येतो, बाबा गोळी घेतली का. यांना कुणी दुसरं काही विचारतच नाही. फोन वाजला की ताट मागतात, म्हणतात, पोरगी भिंतीवर अडकून बसलीय, उतरवली पाहिजे.

मला वाईट वाटलं. त्याहून जास्त राग आला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना. इतक्या लग्नांत मी काचेआडचे चेहरे वाचून पोट भरलं, आणि हा एक चेहरा आला तर मी त्याच्या डोक्यावर टोपी ठेवायला निघालो होतो. तिघंही तेच करत होतो. आमच्याकडे माणूस गप्प झाला की त्याचा मान दुखावला असं आम्ही धरून चालतो, कारण मानाचं सामान तयार असतं. या दुसऱ्या दुखण्याला काय न्यायचं असतं ते शेठच्या दुकानात मिळत नाही.

अक्कांनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. भरीत होतं, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या होत्या, आणि शेठ वांगं खात नाहीत म्हणून त्यांच्यासाठी कच्च्या केळीची भाजी, सूर्य मावळायच्या आत. जेवताना आबांनी गुरुजींना समजावलं की वार चांगला होता, फक्त त्याआधी इतकं बोलायचं नसतं. निघताना त्यांनी मला फासा परत दिला. पुसून, रुमालात बांधून. मी तो घेतला नाही. तो खुर्चीच्या हातावर तसाच राहिला.

घरी आलो तर बायकोने शिरा केला होता. "झालं ना एकदाचं पुरं?" ती म्हणाली, आणि तिला मनापासून आनंद झाला होता. नियमाने मेलेला दैत्य, स्वच्छ समाप्ती, कुणाची हरकत नाही. माझ्या आयुष्यातलं पहिलं पुरं झालेलं काम. मी शिरा खाल्ला आणि गच्चीवर जाऊन त्या सळयांकडे बघत उभा राहिलो. त्या दिवशी मला त्या इतक्या वाईट दिसल्या नाहीत.

सकाळी उठल्यावर सवयीने ग्रुप उघडला. सगळ्यात खाली रात्री लिहिलेला माझाच शब्द, समाप्त. त्याखाली कोरं. मी आबांना परत ग्रुपमध्ये घेतलं. मग मामेभावाच्या ग्रुपवर गेलो. तिथे माल भरपूर होता. एक लाल गुलाब निवडला, दव असलेला, मागे सूर्य, खाली हसत राहण्याविषयी काहीतरी. तो आमच्या ग्रुपवर टाकला आणि फोन उपडा ठेवून आंघोळीला गेलो.

बाहेर आलो तेव्हा निळ्या खुणा उमटल्या होत्या. चहा झाला, तरी कुणी काही लिहिलं नव्हतं. मी हॉलवर निघायला चपला घातल्या आणि फोन वाजला. आधी एक फोटो आला: स्टीलचं रिकामं ताट, त्यात फासा. मग आबांचे शब्द. ग्रुपवर ते नेहमी पुस्तकी मराठी लिहायचे. या वेळी तसं लिहिलं नव्हतं.

"ग्रुपचा नियम काय हाये? तुमचा एक डाव गेला."

मी दारातच बसलो. नियमाप्रमाणे मला आता काही लिहिता येत नव्हतं. खाली गुरुजींनी विचारलं, "मंग आते कोना डाव शे?"

शेठच्या दुकानात त्या वेळी गिऱ्हाईक असतंच. तरी त्यांचं उत्तर लगेच आलं.

"आबांचा."